बाद गड्याने पाणी पिऊ नये

मानपत्र लिहिणं म्हणजे माणसाच्या आयुष्यातलं खरं तेवढं वगळायचं आणि उरलेल्याला सोनेरी चौकट करायची. लालबागच्या आमच्या मंडळासाठी मी अशी बरीच मानपत्रं लिहिली. मी गिरगावातल्या एका शाळेत मराठी शिकवायचो, आणि चाळीत मराठीचा मास्तर असला की तो जिन्यातल्या बल्बसारखा सगळ्यांच्या मालकीचा होतो. एक नगरसेवक, दोन देणगीदार आणि एक ढोलकीवाला यांना मी ‘तेजस्वी’ करून सोडलं आहे. त्यातला ढोलकीवाला खरोखर बरा होता.

मात्र एक मानपत्र मला वाचावं लागलं ते रिकाम्या खुर्चीसमोर. ज्यांचं होतं ते वीस पावलांवर उन्हात बसले होते आणि जागचे हलायला तयार नव्हते.

ते आमच्या शेजारच्या खोलीतले. सगळी चाळ त्यांना कप्तान म्हणायची, त्यांची बायकोसुद्धा. कबड्डीला लोक अजून हुतूतू म्हणत तेव्हा ते कोकणातून मुंबईत आले. एका सामन्यात मिलच्या एका साहेबाने त्यांची चढाई पाहिली आणि दुसऱ्या आठवड्यात ते घडी खात्यात कामाला लागले. कामाला लागले ही म्हणायची पद्धत. सकाळी हजेरी लावायची, गठ्ठ्यांना टेकून थोडं बसायचं आणि दुपारी मैदानावर जायचं, एवढंच त्यांचं मिलकाम. त्या काळी मिलांना कापडाइतकाच आपल्या संघाचा तोरा होता. पुढे ते संघाचे कप्तान झाले, आणि मग खेळता खेळताच व्यवस्थापकही. संघात कोण घ्यायचा हे ते ठरवत, आणि संघात आला त्याला मिलमध्ये बदली, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी रोजावरचं काम मिळे, टिकला तर कायम करत. म्हणजे चाळीतल्या कोणत्या घरात चूल नीट पेटेल हे मैदानावर एक माणूस ठरवायचा. एवढी सत्ता आमच्या नगरसेवकाकडेही नव्हती.

ती सत्ता त्यांनी अतिशय प्रामाणिकपणे वापरली, हीच त्यांची वाईट गोष्ट. आया त्यांच्या दारात बांगड्याचं कालवण घेऊन येत. ते भांडं न उघडता परत पाठवत. लाच खाणाऱ्या माणसात थोडी तरी माणुसकी असते. तो ओशाळा असतो. कप्तान कोणाचेच ओशाळे नव्हते.

सराव करून घ्यायची त्यांची रीत चाळीच्या मोरीवर सगळ्यांनी पाहिली आहे. पाण्याने भरलेली बालदी, तिच्यात पोराचं तोंड, आणि पोराच्या डोक्यावर कप्तानांचा तळवा. तळवा दाबायचा नाही, नुसता ठेवलेला असायचा. तो कधी उचलायचा हे दम ठरवत नसे, कप्तान ठरवत. एकदा एका पोराची आई मध्ये पडली, तर म्हणाले, “वयनी, मैदानात सात जण धरतील तेव्हा तुम्ही येणार काय सोडवायला?” त्यांचा स्वतःचा दम असा होता की चढाईला गेल्यावर प्रेक्षक विडी पेटवत आणि ती अर्धी होईपर्यंत हा माणूस एका श्वासात कबड्डी-कबड्डी करत पलीकडच्या अंगणात फिरत असे.

खेळाचे नियम सगळ्यांना होते तेच. एक नियम मात्र त्यांचा स्वतःचा होता. कबड्डीत बाद झालेला गडी मागच्या रेषेपलीकडे एका चौकटीत जाऊन बसतो. आपल्या बाजूने समोरचा एखादा गडी बाद केला की यातला पहिला उठतो आणि पुन्हा खेळात येतो. तोवर बसून राहायचं. कप्तानांच्या संघात हे बसणंसुद्धा साधं नव्हतं. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, बोलायचं नाही, आणि पाणी प्यायचं नाही. “बाद झाला म्हणजे मेला. मेलेल्याला तहान लागत नाय.” हे ते अगदी गंभीरपणे सांगत.

या नियमाने एकाचा घात केला. तो संघाचा डावा कोपरा. डाव्या टोकाला उभा राहून चढाईला आलेल्याचा घोटा धरण्यात त्याचा हात धरणारा गिरणगावात कोणी नव्हता. काळाचौकीला राहायचा, नवीन लग्न झालेलं, मिलमध्ये बदलीवर होता आणि त्या महिन्यात कायम होणार असं बोललं जात होतं. उपांत्य सामना, वैशाखातली दुपार. तो बाद होऊन चौकटीत बसला होता. त्याची बायको मागच्या दोरीशी उभी होती. तिला काय माहीत नियम. तिने तांब्या पुढे केला आणि तो घटाघटा प्यायला.

कप्तानांनी मैदानातून ते पाहिलं. थोड्या वेळाने डावा कोपरा उठून आत आला आणि शेवटच्या चढाईत त्यानेच समोरच्याचा घोटा असा धरला की सामना आमचा झाला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. खांद्यावरून उतरल्यावर तो कप्तानांच्या पाया पडायला गेला.

“उद्यापासून येऊ नको,” कप्तान म्हणाले.

“कप्तान, मी काय केलं?”

“पाणी प्यायलास.”

“अहो, पण मॅच जिंकली ना आपण!”

“जिंकली ना? मग तुझं काम झालं.”

तो हसला. त्याला वाटलं, गंमत आहे. दुसऱ्या दिवशी मिलच्या गेटवर त्याला कळलं की गंमत नव्हती. पुढे तो भाऊच्या धक्क्यावर मासळीच्या पाट्या उचलायला लागला. संध्याकाळी चाळीच्या नाक्यावर यायचा तेव्हा पोरं नाक धरून त्याला विचारायची, “काय रे कोपऱ्या, आज पापलेटचा घोटा धरलास की सुरमईचा?” गिरणगावात कामगारांची एकजूट फार होती असं पुढे पुस्तकांतून वाचायला मिळालं. असेल.

मग संप आला आणि सगळेच बेकार झाले. डावा कोपरा एकदम सगळ्यांच्या बरोबरीचा झाला. उलट धक्क्यावर काम असल्यामुळे त्याच्या घरात निदान मासळी तरी शिजत होती. आता नाक्यावर त्याला कोणी काही विचारेना.

संपाचे पहिले महिने उत्साहाचे होते. मग लोक गावी जायला लागले. जे उरले ते गॅलरीत बसून मिलच्या चिमणीकडे पाहत. भोंगा बंद झाल्यामुळे म्हाताऱ्यांना वेळ कळत नसे. आणि याच दिवसांत आमच्या मंडळाच्या स्पर्धेचे दिवस आले.

या स्पर्धेला एक फिरती ढाल होती. लाकडी, मध्ये पितळी पत्रा, कडेने जिंकणाऱ्यांची नावं कोरलेल्या लहान लहान पट्ट्या. सलग तीन वर्षं जो जिंकेल त्याला ती कायमची, असा नियम. कप्तानांच्या मिलने दोन वर्षं जिंकली होती. ढाल त्यांच्या खोलीत, लोक देव ठेवतात त्या भिंतीवर होती. देव बाजूला सरकवले होते. तिसरं वर्ष हेच.

कप्तानांनी मिलच्या नावाने संघाचं नाव दिलं.

मंडळाच्या खोलीत बैठक झाली. मीही होतो, कारण बैठकीचं इतिवृत्त शुद्ध मराठीत असावं असा मंडळाचा आग्रह असे. त्यात काय लिहायचं हे मात्र आधी ठरलेलं असे.

कप्तान म्हणाले, “संप मिलमध्ये आहे. मैदानात मिल कुठे आहे?”

विणकर खात्यातला एक म्हातारा कोपऱ्यात बसला होता. तो त्यांच्याकडे न पाहता म्हणाला, “तुझ्या बनियनवर आहे.”

“नाव मी टाकलंय काय त्याच्यावर? आजवर त्याच नावाला टाळ्या पिटल्यात ना तुम्ही?”

“तेव्हा पगार होता रे.”

कोणीतरी सुचवलं, कप्तान, या वर्षी साध्या बनियनवर खेळा, चाळीच्या नावाने. त्यावर कप्तानांनी जो हिशोब सांगितला तो फक्त त्यांनाच सुचू शकला असता: ढालीवर दोन पट्ट्या मिलच्या नावाच्या आहेत, तिसरी दुसऱ्या नावाची लागली तर सलग तीन होत नाहीत. सगळं गिरणगाव भाकरीच्या चिंतेत होतं आणि हा माणूस पट्टीच्या चिंतेत. तो मालकाला विकला गेला असं पुढे लोक म्हणाले. विकला गेला असता तर कळण्यासारखं तरी झालं असतं. साहेबांनी त्यांना नवे बनियन पाठवले होते, ते त्यांनी घेतलेही नाहीत. जुनेच घालून खेळले.

अंतिम सामन्याला मैदान भरलं होतं. चाळीचाळींतून निरोप फिरला होता: दगड मारायचा नाही, शिवी द्यायची नाही, टाळी वाजवायची नाही. तसा सामना मी पुन्हा पाहिला नाही. एवढी माणसं, आणि ऐकू येत होती ती फक्त कबड्डी-कबड्डी आणि पंचाची शिट्टी. कप्तान चाळिशीला टेकले होते. शेवटच्या चढाईत तिघांना मारून ते परत आले, मध्यरेषेवर उभे राहिले आणि सवयीने त्यांनी दोन्ही हात वर केले. कोणी हललं नाही. हात कधी खाली घ्यावेत हे त्यांना कळेना. मग एका लहान मुलीने टाळी वाजवली आणि तिच्या आईने तिचे हात धरले.

दोन दिवसांत मिलच्या गेटवर ढालीसकट संघाचा मोठा फोटो लागला. खाली लिहिलं होतं की आपले खेळाडू आपल्यासोबत आहेत, तुम्हीही या. ढाल फोटोपुरती म्हणून नेली, ती परत आलीच नाही. नियमाप्रमाणे ती मिलची होती, आणि नियम म्हटल्यावर कप्तानांनी वाद घातला नाही.

मंडळाने ठराव केला की या माणसाने पुन्हा आपल्या मैदानात पाऊल ठेवू नये. आमच्या मंडळाच्या इतिहासात एकमताने झालेला तो एकमेव ठराव. गणपतीच्या रंगावर आमचं कधी एकमत झालेलं नाही.

शिक्षा खरी भोगली ती कप्तानांच्या बायकोने, आमच्या काकींनी. त्यांना कोणी काही बोललं नाही. नळावर त्यांची कळशी रांगेतून कोणी काढली नाही. फक्त ती लागली की तिच्यापुढे आणखी चार लागत. हळदीकुंकवाचं बोलावणं आमच्या दारापर्यंत यायचं आणि त्यांचं दार ओलांडून पलीकडे जायचं. काकी एकदा माझ्या आईला म्हणाल्या, “माझ्याशी कोण भांडत पण नाय गो.” चाळीत जिच्याशी कोणी भांडत नाही ती बाई मेल्यात जमा असते.

संप कधी संपला हे कोणालाच सांगता येणार नाही, कारण तो संपल्याचं कोणी जाहीर केलं नाही. मिल अर्धीमुर्धी सुरू झाली. कप्तानांना घेतलं. आता संघ नव्हता, स्पर्धा नव्हत्या, नवे साहेब होते. त्यांना कप्तान म्हणजे कोण हे माहीत नव्हतं. त्यांनी कप्तानांना कापसाच्या गाठी फोडतात त्या खात्यात टाकलं. तिथे हवेत कापूस उडतो आणि दिवसभर माणसं तो खातात. आयुष्यात पहिल्यांदा कप्तान मिलमध्ये काम करू लागले. काही वर्षांनी मिल पूर्ण बंद पडली तेव्हा त्यांच्याकडे खोकला होता. जिना चढताना ते पहिल्या मजल्यावर थांबत आणि कोणी पाहत असेल तर खिशात काहीतरी शोधत असल्यासारखं करत. शोधण्यासारखं खिशात काही नसे.

मैदान आमच्या गॅलरीतून दिसे. संध्याकाळी ते तिथे उभे राहत आणि पोरांची चढाई पाहून पुटपुटत, “पाय बघ, पाय. कुठे टाकतोय.” कठड्यावरून पुटपुटलेलं खाली कोणाला ऐकू जात नसे. त्या मैदानात एकदा पाय ठेवायचा एवढीच त्यांची इच्छा उरली होती, आणि ती अख्ख्या चाळीला माहीत होती. चाळीत दुसऱ्याची इच्छा माहीत असणं हे हत्यार असतं. ते लगेच वापरतात असं नाही.

मंडळाचं सुवर्णमहोत्सवी वर्ष आलं तेव्हा अध्यक्ष होता तो डावा कोपरा. धक्क्यावरून तो वर वर चढत गेला होता. आता बंद मिलांच्या गेटवर पहारेकरी पुरवायचा त्याचा धंदा होता, आणि ज्या मिलने त्याला कायम केलं नाही तिच्या गेटवर त्याचीच माणसं होती. गळ्यात साखळी, बोटांत अंगठ्या, पोट. निमंत्रणपत्रिकेवर त्याच्या नावाआधी एवढी विशेषणं होती की नाव पुढच्या ओळीत गेलं होतं.

त्याने मला बोलावलं. “मास्तर, एक मानपत्र पाहिजे. कप्तानांचं.”

मी नुसता बघत राहिलो.

“असं काय बघता? गुरू आहेत आमचे. जुनं सगळं गंगेला मिळालं.”

“आणि तो ठराव?”

“ठराव रद्द. मी म्हणतो म्हणजे रद्द. फक्त एक करा, त्यात संप हा शब्द नको. मिल पण नको.”

मिल आणि संप वगळून कप्तानांच्या आयुष्यात काय उरतं याचा मी आठवडाभर विचार केला. शेवटी जी वर्षं त्यांना मैदानबंदी होती त्याबद्दल लिहिलं, ‘तदनंतर त्यांनी मौनव्रताने क्रीडाक्षेत्राची सेवा केली.’ अध्यक्षांना ते वाक्य फारच आवडलं. दोनदा वाचायला लावलं.

आमच्या मंडळात सत्काराची एक चाल आहे. जुन्या खेळाडूचा मान म्हणून स्पर्धेची पहिली चढाई त्याने करायची. समोर मंडळाचे सात गडी उभे राहतात. म्हातारा कबड्डी-कबड्डी करत जातो, एकेकाला हात लावतो, हात लागेल तो वाकून बाजूला होतो आणि सातव्याला शिवून म्हातारा रेषेवर परत येतो. त्याला कोणी धरत नाही. सत्तरीचे आजोबाही सातजणांना मारून परत येतात आणि नातवंडं ते खरं मानतात.

निमंत्रण घेऊन मी गेलो तेव्हा कप्तानांनी पत्रिका वाचली नाही. एकच विचारलं.

“मानाची चढाई देणार काय?”

“देणार.”

“मैदानात?”

“मग काय गच्चीवर?”

त्यांनी मान वळवली आणि बराच वेळ खोकले. काकी आतून म्हणाल्या, “डागतराने जिना चढू नको म्हणून सांगितल्यान, आणि हे चढाई करतले.”

दुसऱ्या दिवसापासून पहाटे गॅलरीच्या टोकाकडून कबड्डी-कबड्डी ऐकू येऊ लागलं. पाच-सहा वेळा म्हटलं की तुटायचं, खोकला, पुन्हा सुरू. जिन्यात पोरं नक्कल करत. “कप्तान, रेडिओची बॅटरी बदला!” आठवड्याने पाच-सहाचे आठ-दहा झाले. मला वाटलं, सातजण शिवून यायला एवढं पुरेल. कोणी धरणार तर नव्हतंच.

सत्काराच्या दिवशी भाड्याचे फेटे होते, बँड होता, आणि पाहुण्यांच्या खुर्च्यांचा क्रम दोनदा बदलला गेला होता. कप्तान काकींसोबत आले. दोरीपाशी थांबले, चपला काढल्या, वाकून माती कपाळाला लावली आणि आत आले. बँड जोरात वाजला. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं हे मी सांगणार नाही. मी मानपत्रातली जोडाक्षरं तपासत होतो.

माइकवरून मानाच्या चढाईची घोषणा झाली. अध्यक्ष उठले, कोट काढला, पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडले आणि म्हणाले, “डावा कोपरा आज मी.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुरू-शिष्य, व्वा.

मग कप्तानांनी सदरा काढला.

आत मिलचा बनियन होता. विरलेला, पिवळट, पण छातीवरचं नाव वाचता येत होतं. काकी तोंडावर हात ठेवून बसल्या. त्यांच्या मते त्या बनियनचं पुसणं केव्हाच झालं होतं. टाळ्या थांबल्या. ज्या मैदानातून त्या नावापायी त्यांना काढलं त्याच मैदानात तेच नाव घालून यावं, ही चूक जगात फक्त एकच माणूस करू शकत होता. त्यांच्या लेखी ती चूकच नव्हती. मैदानात उतरायचं तर आपल्या संघाच्या कपड्यात, असा नियम आहे.

शिट्टी झाली. कप्तान निघाले. आवाज बारीक होता, पण दम लागलेला नव्हता. पहिला शिवला, वाकून बाजूला झाला. दुसरा, तिसरा. पावलं मात्र अजून तीच. माती न उडवता टाकलेली. लोक नकळत पुन्हा टाळ्या वाजवू लागले. सहावा बाजूला झाला. उरला डावा कोपरा.

कप्तानांनी हात पुढे केला. त्याला शिवले. अध्यक्ष हात जोडून खाली वाकले, पाया पडायला वाकतात तसे. टाळ्या आणखी वाढल्या. कोणीतरी शिट्टी मारली. आणि अध्यक्षांनी दोन्ही हातांनी त्यांचा घोटा धरला.

कप्तान वळले होते, ते तसेच छातीवर पडले. क्षणभर लोक हसले, वाटलं, थट्टा आहे. अध्यक्ष ओढत नव्हते, झटका देत नव्हते. गुडघ्यावर बसून, डोकं खाली घालून नुसता घोटा धरून होते, एखाद्याने नुसता तळवा डोक्यावर ठेवावा तसे. कप्तान हातांवर सरपटत होते. कबड्डी-कबड्डी चालू होतं. मध्यरेषेला बोट लागलं असतं तरी चढाई पुरी झाली असती. हाताचं अंतर, मग वितीचं. आवाजाची शिट्टी झाली, मग नुसता फुसफुसाट. मैदान गप्प होतं. हे गप्प बसणं त्या मैदानाला येत होतं.

दम तुटला. बोटं रेषेच्या अलीकडे राहिली.

पंच तरुण होता. त्याने अध्यक्षांकडे पाहिलं, मग दुसरीकडे पाहिलं आणि माइकवाल्याला खूण केली. माइक म्हणाला, “मानाची चढाई संपन्न झालेली आहे!” बँड सुरू झाला. दोघे कार्यकर्ते कप्तानांना उठवून व्यासपीठाकडे न्यायला लागले. त्यांनी हात सोडवून घेतले.

“दम तुटला,” ते पंचाला म्हणाले. “बाद आहे मी.”

“अहो कप्तान, हे मानाचं आहे. चला, खुर्चीवर बसा.”

“बाद दे.”

पंचाने शेवटी हात वर केला. कप्तान चालत मागच्या रेषेपर्यंत गेले आणि पलीकडच्या चौकटीत बसले. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर.

मी मानपत्र वाचलं. दुसरं काय करणार? ‘अजिंक्य’ हा शब्द दोनदा येत होता. शाल तिकडे नेऊन त्यांच्या खांद्यावर टाकली, नारळ पुढ्यात ठेवला, मानपत्राची फ्रेम बाजूला. पाहुण्यांची भाषणं झाली. कोणीही तिकडे पाहत नव्हतं. अध्यक्ष पँटचे पाय खाली करत माझ्या शेजारी येऊन बसले. घामाघूम झाले होते.

“काय घोटा आहे हो म्हाताऱ्याचा! अजून दगड.”

“सोडायचा होता,” मी म्हणालो.

“सोडणारच होतो.” त्यांनी हाताकडे पाहिलं. “पण त्यांनीच शिकवलंय ना मास्तर, धरला की सोडायचा नाय.”

पहिला सामना सुरू झाला. त्या बाजूच्या संघातली पोरं बाद होऊन चौकटीत येत, कप्तानांच्या शेजारी बसत, आपल्या बाजूने कोणी मारलं की उठून आत जात. पुन्हा येत, पुन्हा जात. कप्तानांना उठवायला कोणी नव्हतं, त्यांची बाजूच मैदानात नव्हती. ऊन वर आलं. खोकला सुरू झाला. पाठ ताठ ठेवून खोकणं फार अवघड असतं, हे त्या दिवशी कळलं.

अध्यक्षांनी माइक मागून घेतला. अगदी मऊ आवाजात म्हणाले, “कप्तानांना पाणी द्या रे कोणीतरी.”

एकजण पेला घेऊन गेला. कप्तानांनी मान हलवली. शेजारी बसलेली पोरं पाहत राहिली. थोड्या वेळाने पुन्हा माइक: “अरे, पाणी दिलं काय कप्तानांना?” पुन्हा पेला. पुन्हा नकार. आता जुन्या लोकांना कळलं होतं. आमच्या पुढच्या रांगेत विणकर खात्यातला तो म्हातारा होता, तो स्वतःशीच म्हणाला, “पी रे बाबा.” खोकला आता थांबत नव्हता. शाल मातीत पडली होती.

काकी बायकांच्या खुर्च्यांतून उठल्या. सामना चालू असताना पदर खोचून सरळ मागच्या रेषेपर्यंत गेल्या. कार्यकर्त्याच्या हातातून पेला घेतला आणि चौकटीत, नवऱ्यासमोर उकिडव्या बसल्या.

“प्या.”

त्यांनी मान हलवली.

“कोणाची वाट बघतास? तुमच्या बाजूक कोण उरला हा?” त्यांनी पेला त्यांच्या तोंडाला लावला. दुसरा हात डोक्याच्या मागे धरला. “प्या म्हणते ना.”

ते प्यायले. सगळा पेला, घटाघटा, हनुवटीवरून बनियनवर सांडत. माझ्या शेजारी अध्यक्ष खुर्चीच्या टोकावर पुढे सरकून पाहत होते. पेला रिकामा झाला तेव्हा ते मागे टेकले, माइक परत दिला आणि मला म्हणाले, “मास्तर, आपल्या पोरांचा स्कोर काय झाला?”

कप्तान काकींचा हात धरून उठले. मैदान ओलांडून गेले असते तर जिना जवळ होता. ते मागच्या रेषेच्या बाहेरून, दोरीच्या कडेकडेने, लांबून गेले. नारळ आणि मानपत्र मी संध्याकाळी त्यांच्या खोलीत नेऊन दिलं. काकींनी नारळ ठेवून घेतला.